सत्कारवाल्याची लेक आणि बिनबक्षिसाची शाळा

गंगाखेडात कुणाचाही सत्कार होवो, त्यातला निम्मा माझ्या पोराच्या दुकानातून जातो. हार फुलवाल्याचा, भाषण ज्याचं त्याचं. बाकी शाल, श्रीफळ, फेटा, ढाल, चकचकीत कप, सगळं शिवप्रकाशचं. दुकानाच्या पाटीवर 'शिवप्रकाश सत्कार भांडार' असं मोठ्या अक्षरात आहे आणि बाजूला त्याचाच फेटा बांधलेला फोटो. फेटा दुकानातलाच. फोटो झाल्यावर तो घडी घालून परत विकायला ठेवला. मला ठाऊक आहे, कारण घडी मीच घातली.

आमच्या भागात आता सत्काराला कारण लागत नाही, तारीख मिळाली की पुरे. माणूस निवडून आला की सत्कार, पडला की 'चिवट झुंज दिल्याबद्दल' सत्कार. साहेब बदलून आला की स्वागत, गेला की निरोप. रक्त देणाऱ्याचा सत्कार, आणि त्याला गाडीवर बसवून घेऊन आला त्याचाही. मधी एका लग्नात जेवण वाढणाऱ्यांचा झाला, तेव्हा जेवायचं तसंच राहिलं. यात शिवाचं बरं चाललंय. सगळं गाव मोठं व्हायलंय आणि ह्याचा माल खपायलाय.

धंद्यात त्याचा एक नेम आहे. गिऱ्हाईक सांगंल तेवढंच कोरायचं, आपलं डोकं लावायचं नाही. एकदा एका मंडळाची पोरं आली. गावातल्या एका धडधाकट गुरुजींचा सत्कार होता. पोरांनी ढालीवर गुरुजींच्या नावाआधी 'कै.' लिहायला सांगितलं. मोठमोठ्या माणसांच्या नावाआधी त्यांनी ते पाहिलं होतं, त्यांना वाटलं मानाचं असंल. शिवानं कोरून दिलं. गुरुजींनी स्टेजवर ढाल हातात घेतली, चष्मा लावला, वाचली आणि गुमान खाली बसले.

मी म्हणलं, "शिवा, तुला दिसलं न्हाई का रे?"

"दिसलं की."

"मग?"

"माय, गिऱ्हाईकानं सांगितलं. आपण डोकं लावलं की भानगड होती."

आता एवढ्या ढाली विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या ढाली किती असतील? एकही नाही. शाळेत तो अभ्यासात मधला, खेळात मधला, खोड्यांतही मधलाच. पण उंच होता आणि कपडे स्वच्छ ठेवायचा. म्हणून दरवर्षी गॅदरिंगला बक्षिसांचं तबक धरायला त्याला उभा करायचे. पाहुणे तबकातून कप उचलायचे, दुसऱ्याच्या पोराला द्यायचे, टाळ्या पडायच्या. त्या गॅदरिंगचे फोटो आमच्या घरी अजून आहेत. सगळ्या फोटोंत शिवाचे हात आहेत. तोंड एकातही नाही. फोटोवाल्याला तबकाशी काम होतं.

बारावीनंतर त्यानं फोटोला चौकटी करून द्यायचं दुकान टाकलं. चौकटींतून ढाली, ढालींतून कप. दुकानात काचेचं मोठं कपाट केलं तेव्हा सगळ्यात वरची फळी रिकामी ठेवली. गिऱ्हाईकानं विचारलं की म्हणायचा, "ती विकायची न्हाई, घरच्यासाठी हाय." तेव्हा घरात मी होते, सून उमादेवी होती आणि पाळण्यात शिवानी. आमच्यातलं कोण काय जिंकून आणणार होतं, त्यालाच ठाऊक.

शिवानीला आधी गावातल्या इंग्रजी शाळेत टाकलं. टाय, बूट, दर सोमवारी चाचणी. दर सोमवारी सकाळी लेकराला उलटी. पहिल्यांदा आम्हाला वाटलं पाणी बाधलं. मग वाटलं नजर लागली. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या, शिवानं डॉक्टरकडं नेलं, डॉक्टरनं पातळ औषध दिलं. उलटी सोमवारचीच राहिली. माझी सून कमी बोलती. एका सोमवारी तिनं उलटीचं घमेलं धुतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आत्याबाई, हिला मी दुसरीकडं घालणार हाय." आणि घातली. शिवा दुकानातून घरी आला तेव्हा टाय चुलीजवळ हात पुसायला टांगलेला होता.

ही दुसरीकडची शाळा म्हणजे गंगेच्या, आमच्या गोदावरीच्या, अंगाला, उसाच्या फडांमधी. पुण्याहून एक जोडपं आलं, जमीन घेतली आणि वाल्डॉर्फ पद्धतीची शाळा काढली. ते नाव माझ्या जिभेवर बसेस्तोवर एक हिवाळा गेला. गावात सगळे 'विणकामाची शाळा' म्हणतात, कारण तिथं पहिलीपासून विणायला शिकवतात, पोरांनाही. छापील पुस्तक नाही, लेकरं वहीत आपलं पुस्तक आपणच करतात. सकाळी गोल करून कविता, मग गाणं, मग बासरी. चित्र काढायचं तर कागद आधी पाण्यात भिजवायचा आणि मग ओल्यावर रंग सोडायचा, म्हणजे काय काढलंय ते काढणाऱ्यालाही कळू नये. बाहुल्या कापडाच्या, त्यांना नाक-डोळे काढत नाहीत. लेकरानं मनानं बघायचे म्हणे. मी पहिल्यांदा ती बाहुली पाहिली तेव्हा तिच्यावर पदर टाकला.

आणि परीक्षा नाही. नंबर नाही. बक्षीस तर बिलकूल नाही. सत्कार भांडारवाल्याची लेक अशा शाळेत! शिवा बरेच दिवस गावात तोंड चुकवून चालायचा.

तिथं वर्गाला एकच ताई, पहिलीपासून आठवीपर्यंत. शिवानीच्या वर्गाला धम्मशीलाताई, चुडाव्याच्या. गोड बाई. ती मला जयभीम म्हणती, मी तिला आमचं लिंगायतांचं शरणार्थ म्हणते, दोघींचंही भागतं. पहिल्याच पालकसभेत शिवानं तिला गाठलं.

"ताई, आमची कितवी?"

"कितवी म्हणजे?"

"म्हणजे नंबर."

"शिवानी आता वर्गात हसायलीय, दादा."

"ते बरंच झालं. पण हसण्यात कितवी?"

धम्मशीलाताईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं मी त्या बाहुलीकडं पाहिलं होतं.

त्या शाळेत जाऊन शिवानीनं काय कमावलं, विचाराल तर सांगते. बासरीची विणलेली एक पिशवी, जी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आहे. एक बिनडोळ्यांची बाहुली. मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या, वाकड्या पण घमघमीत. आणि उलटी बंद. शेवटची गोष्ट कपाटात ठेवता येत नाही, म्हणून तिची कुणी गिनती केली नाही.

अशात मागच्या मार्गशीर्षात, शिवानी चौथीत असताना, दत्तराव दुकानात आले. दत्तराव कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष आहेत, कुठल्या ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही आणि कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या नातीला गाणं, नाच, हस्ताक्षर, रांगोळी, सामान्यज्ञान आणि 'उत्कृष्ट सहभाग' एवढ्यांत बक्षिसं आहेत. सगळ्या ढाली आमच्याच दुकानच्या. मी शिवाचा डबा घेऊन गेले होते, बाकड्यावर बसले होते.

दत्तरावांनी मान वर केली. "शिवप्रकाशशेठ, ही वरची फळी कामून रिकामी?"

"घरच्यासाठी हाय, दत्तराव."

"मग घर गावाला गेलंय का?"

शिवा हसला. मला त्याचं हसू ओळखू येतं. तबक धरायचा तेव्हा असाच हसायचा.

"मजाक सोडा," दत्तराव म्हणले. "परभणीला निवासी शाळा निघालीय. पाचवीपासून पोरं तयार करायलेत, रोज टेस्ट, रोज नंबर भिंतीवर. संक्रांतीनंतर जागा भरतात. माझा शब्द चालतो तिथं. तमाम तालुक्याला बक्षिसं वाटता, आणि पोरगी स्वेटरं विणायलीय! इज्जतीचा सवाल हाय."

"स्वेटर न्हाई," मी म्हणलं, "पिशवी हाय. बासरीची."

दत्तरावांनी मला नमस्कार केला. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ते नमस्कार करतात.

रात्री जेवताना शिवानं विषय काढला. उमादेवीच्या हातातली भाकर परातीतच राहिली.

"तिथं रोज चाचणी असती?"

"व्हय. रोज असली की सवय होती."

"कशाची? उलटीची?"

शिवानी धपाट्याचा तुकडा मोडत होती, तो तिनं परत ताटात ठेवला. तिच्या पोटानं ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार नसताना तिनं सकाळी काही खाल्लं नाही. उमादेवीनं माळ्यावरचं घमेलं काढून मोरीजवळ आणून ठेवलं. नवऱ्याला दिसंल असं.

शिवा दुष्ट नाही. त्यानं घमेलं पाहिलं आणि डोकं खाजवलं. मग म्हणाला, "हे बग उमा, शाळेत हिवाळ्याचा कार्यक्रम हाय ना? त्यात पोरीला वरच्या फळीवर ठेवण्यासारखं एक तरी काही मिळू दे. मी दत्तरावांना न्हाई म्हणतो. माझा शब्द."

"त्या शाळेत काही देतच न्हाईत."

"तोच तर वांधा हाय," शिवा म्हणाला आणि विचारात पडला. आता शिवा विचारात पडला की घराला भ्या वाटतं.

तो सरळ शाळेत गेला. पुण्याचे सर अंगणात लेकरांबरोबर सूत गुंडाळत बसले होते. लय मऊ बोलणारा माणूस, त्याला ओरडायला सांगितलं तर तेही विनंती करून ओरडंल. शिवा म्हणाला, "सर, बक्षिसांचा जिम्मा माझा. एक पैसा नको. तुमी फक्त कोण कशात पैला ते सांगा."

सर म्हणले, "अहो, आपण मुलांची तुलना करत नाही. त्यानं आतलं काहीतरी कोमेजतं."

धम्मशीलाताईनं साधंच विचारलं. "दादा, कशाबद्दल द्यायचं?"

"पैल्या नंबराबद्दल."

"कशातला पैला?"

शिवानं सूत, बासऱ्या, ओले कागद, सगळीकडं नजर फिरवली. त्याला काही सापडलं नाही. पण परत येताना त्याला वाटेतच सुचलं, आणि जे सुचलं ते साऱ्या परभणी जिल्ह्यात फक्त माझ्याच पोराला सुचू शकतं. तुलना नको ना? मग सगळेच पहिले!

त्या संध्याकाळी त्यानं शिवानीला मांडीजवळ बसवलं. "तुझ्या वर्गात कोण कोण हाय, सांग बरं. एकाला बी विसरू नको."

शिवानीनं बोटं मोडत सांगितलं. संघप्रिया, सुगत, बबिता... अख्खा वर्ग. शिवा लिहीत गेला. मग दोन दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत कोरायचं मशीन किर्र किर्र वाजत होतं. प्रत्येक कपावर नाव, खाली 'प्रथम क्रमांक'. कशातला, ते नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपलं डोकं तो लावत नाही.

कार्यक्रम पौषातला, वर्गावर्गाचा वेगळा. त्या वर्षी थंडी अशी की गंगेवरून वारा आला की दात आपोआप बोलायला लागायचे. शाळेत सगळे पालक आपापल्या घरचं खायला घेऊन जमतात, ही तिथली रीत. कुणी हुरडा आणला, कुणी तिळाची चटणी, सुगतच्या आईनं गरम अंबील. आम्ही धपाटे आणि दही नेलं. पालकांतल्या एका डॉक्टरीणबाईनं बाजारातून केक आणला, तो लेकरांनी सोडून मोठ्यांनीच खाल्ला.

आधी लेकरांची बासरी झाली. सगळ्यांनी मिळून एकच गाणं वाजवलं, पण ज्याला जसं जमंल तसं संपवलं. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे, मन भरून ऐकायचं असतं. आम्ही मन भरून ऐकलं. शिवाचे हात दोनदा वर आले आणि परत मांडीवर गेले.

मग दिवे लागायच्या वेळेला मुख्य गोष्ट. मैदानात उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे आणि कडुलिंबाचे ढाळे मांडून गोगलगाईच्या पाठीसारखी वाट केली होती, बाहेरून गोल गोल फिरत आत जाणारी. मधोमध विटांच्या आडोशात एक मोठी समई. प्रत्येक लेकरानं आपण केलेली मेणबत्ती घेऊन एकट्यानं आत जायचं, समईवर पेटवायची आणि बाहेर येताना वाटेच्या कडेला ठेवायची. परदेशात मेणबत्ती सफरचंदात खोचतात. आमच्या इथं पेरूत. शेवटचं लेकरू येईस्तोवर सारी वाट उजळते. हिवाळ्यात बाहेर अंधार झाला की आतला उजेड शोधायचा असतो, असं सरांनी सांगितलं. मी म्हणलं, आमच्याकडं लाइट गेली की हेच करतो, पण गाणी म्हणत नाही.

शिवाला एवढा दम कुठला. रांग लागायच्या आतच त्यानं गाडीतून खोकी उतरवली. वर एक भारी शालही होती, जरीची. सरांचाच सत्कार करायचा बेत होता.

"शिवप्रकाशजी," सर हात जोडून आले, "आपलं ठरलं होतं ना, तुलना नको."

"तुलना कुठं हाय, सर? सगळेच पैले."

सरांना पुण्यात याच्यावर काही शिकवलेलं नसणार. तोवर लेकरांनी खोकी फोडली होती. "माझं नाव! माझं नाव!" जो तो आपला कप काढून चाटायचा तेवढा बाकी. ज्या लेकरांना नंबर म्हणजे काय ठाऊक नाही, त्यांना चकचकीत काय ते बरोबर ठाऊक असतं. धम्मशीलाताई कपाळाला हात लावून उभी होती.

शिवानी खोक्यापाशी वाकली. कागदाचे कपटे बाजूला केले. दुसरं खोकं पाहिलं. मग ते उलटं केलं.

"अप्पा, माझा?"

शिवानं खिशातला कागद काढला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"तू सांगितलंच न्हाईस की."

"तुमी विचारलं, वर्गात कोण कोण हाय. मी मलाच कसं सांगू?"

बिनबक्षिसाच्या शाळेत पहिल्यांदा बक्षीसवाटप झालं, सगळ्यांना पहिला नंबर मिळाला आणि एकटी बक्षीसवाल्याची लेक तेवढी राहिली. उमादेवीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत ते घमेलं होतं.

शिवानी रडली नाही. बापाला म्हणाली, "जाऊ द्या अप्पा. तुमच्याजवळ बी न्हाई." तिनं आपला पेरू उचलला आणि रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

आणि नेमका वारा सुटला. पहिलं लेकरू आत गेलं, मेणबत्ती पेटवली, दोन पावलं आलं की विझली. दुसऱ्याचंही तेच. पेरू लोळत वाढ्यांत गेले. सर म्हणले, थांबू या का. तेवढ्यात संघप्रियानं आपल्या कपात थोडी माती भरली, त्यात मेणबत्ती रोवली आणि निघाली. कप खोल होता. ज्योत आत अशी निवांत बसली जशी म्हातारी गोधडीत. मग काय, सगळ्यांनी तेच केलं. एक एक 'प्रथम क्रमांक' वाटेच्या कडेला बसत गेला आणि पितळेवरून पिवळा उजेड सांडायला लागला. शिवाच्या कपांचा आजपर्यंत कुणाला काही उपयोग झाल्याचं मी पाहिलं ते हेच पहिल्यांदा.

शेवटी राहिली शिवानी. तिच्याजवळ पेरूच. संघप्रिया म्हणाली, "माझा कप घे," तर तिनं मान हलवली. "तुझा दिवा हाय त्यात." ती आत गेली, मेणबत्ती पेटवली, वळली, विझली. परत मधे गेली, पेटवली. चार पावलं आली, विझली. तिथला नेम असा की कुणी हाक मारायची नाही, कुणी घाई करायची नाही. लेकरू परत मागं वळलं. मी माझ्या पोराकडं पाहत होते. त्याचे हात तबक धरल्यासारखे पुढं आले होते आणि त्यात काही नव्हतं.

मग तो हलला. खोक्यावरची ती जरीची शाल उचलली, झटकून उघडली आणि बूट काढून वाटेत शिरला.

"मोठ्यांनी आत जायचं नसतं..." सर हळूच म्हणले.

"जाऊ द्या सर," धम्मशीलाताई म्हणाली.

शिवा वाऱ्याच्या अंगाला उभा राहिला, दोन्ही हातांनी शाल ताणून धरली, आणि शिवानी चालायला लागली तसा तो खेकड्यासारखा आडवा आडवा चालायला लागला. वाट गोल, म्हणून वाऱ्याची बाजू सारखी बदलायची. हा कधी लेकीच्या डावीकडं, कधी उजवीकडं, कधी पाठ करून उलटा. एका वळणावर दोघंही वाढ्यांत पडता पडता राहिले. कुणीतरी फिस्कन हसलं, मग सगळेच हसले, शिवानीही. ज्योत थरथरली, आडवी झाली, शालीला चाटून गेली, पण राहिली. वाटेच्या तोंडाशी येऊन तिनं पेरू खाली ठेवला आणि शिवानं शाल तिथंच तंबूसारखी धरून ठेवली, गाणं संपेस्तोवर.

शालीला मधोमध भोक पडलं होतं. त्यामुळं सरांचा सत्कार राहून गेला. त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद सरांना झाला असावा.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात गेले तर शिवा मशीनपुढं बसलेला. समोर दुकानातला सगळ्यात मोठा कप, तीन मजली, वर पंखवाली बाई. पण मशीन बंद. दुपार होत आली तरी हा पितळी पट्टीकडं बघत बसलेला. आयुष्यभर गिऱ्हाईकानं सांगितलेलं कोरलं. आता समोर गिऱ्हाईकच नव्हतं.

"काय लिहू, माय?"

"मला दुसरीपर्यंतचीच अक्कल," मी म्हणलं. "मला काय विचारतूस? धम्मशीलाताईनं विचारलं होतं तेच स्वतःला विचार."

तेवढ्यात दत्तराव आले. हातात परभणीच्या शाळेचा कागद. "घ्या, सही करा. जागा धरून ठेवलीय."

शिवानं मशीन चालू केलं. किर्र किर्र. पट्टीवर फुंकर मारली, पुसली, आणि कप दत्तरावांपुढं फिरवला. दत्तरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "चि. शिवानी हिस, वारा सुटलेला असताना दिवा बाहेर आणल्याबद्दल." मग शिवाकडं पाहिलं. "हे काय हो? कोणत्या स्तरावरचं हाय हे? तालुका का जिल्हा?"

"गंगेकाठचं हाय."

"म्हणजे मान्यता न्हाई."

"न्हाई," शिवा म्हणाला. "पण कशाबद्दल ते लिहिलंय. तुमच्या नातीची ती मागच्या महिन्यातली ढाल कशाबद्दलची होती, दत्तराव?"

दत्तराव आठवायला लागले. "ते हे... त्याचं... तुमीच कोरली की!"

"मी कोरली, पण मला बी याद न्हाई."

दत्तरावांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे परभणी नको?"

"ज्या शाळेत अख्खा वर्ग पैला आला, तिथून लेकरू काढायचं कसं? असला निकाल परभणीत दाखवा."

दत्तरावांनी मला नमस्कार केला आणि गेले. जाता जाता दारातून वळून म्हणले, "तसला एक आमच्याकडं बी पाठवा. पण तीन मजलीच."

शिवानं घरी येऊन सांगितल्यावर उमादेवीनं घमेलं उचलून परत वरच्या माळ्यावर टाकलं. शिवाला त्या रात्री भाकरीवर लोणी मिळालं, एवढ्यावरून त्यानं काय ते समजून घ्यावं.

शिवानीला कप दाखवला तेव्हा तिनं पट्टी वाचली, परत वाचली. म्हणाली, "अप्पा, शाल तुमी धरली होती. ते न्हाई लिहिलं."

"तुझा कप हाय. तुझंच लिहायचं."

ती विचार करून म्हणाली, "मग वरच्या फळीवर ठेवा. पण मधी न्हाई. जरा कडेला. तुमची जागा राहू द्या."

कप आता वरच्या फळीवर आहे, जरा कडेला. शेजारी ती भोकाची शाल, घडी घालून. घडी मीच घातली. भोक वर येईल अशी. गिऱ्हाईक विचारतं, ही शाल कितीला, शिवा म्हणतो विकायची नाही. शाळेतले सर एकदा दुकानात आले होते, कप पाहून त्यांचं तोंड जरा कोमेजलं. मग त्यांनी पट्टी वाचली, आणि बराच वेळ वाचत राहिले.

परवा मी कप पुसायला खाली घेतला. जवळून पाहते तर त्या ओळीच्या खाली, बारीक पण ठळक अक्षरांत: 'सौजन्य: शिवप्रकाश सत्कार भांडार, गंगाखेड', आणि पुढं मोबाईल नंबर.

मी म्हणलं, "शिवा, हे कशाला रे? हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई, माय. डोकं लावलं." आणि जरा लाजून म्हणाला, "जागा उरली होती."